जोड

आमच्या गावची यात्रा चैत्रात असते. दुसऱ्या दिवशी उन्हं कलली की ओढ्याकाठच्या रानात कुस्त्यांचं मैदान भरायचं. सकाळपासून हलगी-घुमकं गावभर फिरलेलं असायचं, माती आदल्या दिवशीच उकरून, चाळून, पाणी मारून तयार. गाव सांगली जिल्ह्यातलं, तासगाव तालुक्यातलं. मी सहा-सात वर्षांची असेन. बायका मैदानाकडे फिरकत नसत, पण आजोबांच्या मांडीवर बसलेल्या पोरीला कुणी उठवत नसे. नियमांत बसवलेलं भांडण मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं ते त्या लाल मातीत.

आजोबा पंच नव्हते. त्यांच्याकडे जोड लावायचं काम होतं. बाहेरगावचे पैलवान लंगोट लावून मैदानात चक्कर मारत, आजोबा एकेकाला थांबवत, दंड, मांड्या, मान निरखत, कुठल्या तालमीतला, मागच्या मैदानात कुणाबरोबर लढलास ते विचारत, आणि मग दोघांचे हात एकमेकांच्या हातात देत. पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत प्रत्येक जोड अशी हाताने लावलेली. जोड चुकली तर लोक ऐकून घेत नसत. थोराड गड्यासमोर कोवळं पोरगं उभं राहिलं की चारी बाजूंनी ओरडा व्हायचा, "जोड न्हाई, जोड न्हाई!" ओरडणाऱ्यांत त्या थोराड गड्याच्या गावचे लोकही असायचे. हे मला आज फार मोठं वाटतं. आपला माणूस जिंकणार हे डोळ्यांसमोर दिसत असतानाही ते ओरडत, कारण असलं जिंकणं बघायला ते आलेलेच नसत.

एका वर्षी आमच्या भावकीतला एक पैलवान आजोबांजवळ येऊन हळूच म्हणाला, "नाना, औंदा जरा बघून लावा. गुडघा दुखतोय." आजोबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. म्हणाले, "दुखत असंल तर लढू नगंस. लढणार असशील तर तुझ्या तोलाचाच देणार." तो लढला आणि हरला. भावकीतल्या माणसांनी चार दिवस आमच्या घराचा उंबरा ओलांडला नाही. आजी चिडली होती. आजोबा रोजच्यासारखे मळ्यात जात-येत राहिले.

आजोबा शेतकरी कामगार पक्षाचे. घरात लाल बावट्याची घडी ट्रंकेत जपून ठेवलेली असायची आणि एन. डी. पाटलांचं नाव कुणी एकेरी घेतलेलं चालत नसे. समोरच्या घरातले अण्णा काँग्रेसचे, वसंतदादांना मानणारे. दोघं एका वर्गात शिकलेले, एका विहिरीत पोहायला शिकलेले आणि प्रत्येक निवडणुकीत एकमेकांच्या विरोधात राबलेले. रात्री जेवणं झाली की आमच्या ओट्यावर बसत. आवाज चढायचे, तंबाखूची चंची मात्र दोघांत एकच फिरायची.

त्या भांडणात आजोबांची एक रीत होती. अण्णांनी काही मांडलं की ते लगेच उत्तर देत नसत. आधी म्हणत, "तुझं म्हननं असं हाय, न्हवं?" आणि अण्णांचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगत. अण्णांनी मान हलवली तरच पुढे जात. कधी अण्णा म्हणत, "अर्धंच सांगितलंस, गड्या. ऊस कारखान्याला घालायचा का न्हाई, ते कुठं गेलं?" मग आजोबा पुन्हा पहिल्यापासून मांडत, या वेळी उसासकट. मला लहानपणी हा वेळकाढूपणा वाटायचा. मी डुलक्या घ्यायचे.

रोजगार हमीवरचं त्यांचं बोलणं मला बऱ्यापैकी आठवतं, कारण ते बरीच वर्षं चाललं. १९७२ च्या दुष्काळात आजोबांनी खडी फोडायच्या कामांवर माणसं संघटित केली होती. मस्टरवर खोटे अंगठे, मुकादमाचा हात, हप्ताहप्ता न मिळणारा पगार, पोरांच्या वाट्याची सुकडी कुठे जाते, या सगळ्यावर त्यांनी मोर्चे काढले होते. सरकार काँग्रेसचं होतं आणि अण्णा त्या सरकारचे गावातले वकील. पण मागेल त्याला काम ही कल्पना ज्यांची, ते वि. स. पागेही काँग्रेसचेच. विधान परिषदेचे सभापती. १९६५ च्या सुमारास आमच्याच तालुक्यातल्या विसापूरला त्यांनी तिचा प्रयोग करून पाहिला होता. पुढे १९७७ साली दोन्ही सभागृहांनी रोजगार हमीचा कायदा एकमताने केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शहरातल्या पगारदाराकडून व्यवसाय कर घ्यायचा आणि त्यातून गावातल्या मजुराला हक्काचं काम द्यायचं. देशाने २००५ साली केलेला कायदा त्याच वाटेने गेला.

आजोबांच्या पक्षातले काही तरुण कार्यकर्ते म्हणत, हे सगळं मतांसाठी आहे, आपण त्याला चांगलं म्हणायचं नाही. आमच्याच पडवीत झालेल्या एका बैठकीत आजोबा त्यांना म्हणाले, "कल्पना पागेंची हाय आनि बरोबर हाय. चोरी मस्टरवर हाय. चोरीला चोरी म्हना, कल्पनेला चोरी म्हनू नका." आई सांगते, हे ऐकून दोघंजण उठून गेले. पण त्यानंतर आजोबा मस्टरबद्दल बोलायला तहसीलदाराकडे गेले तेव्हा अण्णा बरोबर होते. अण्णांना तेव्हा असं म्हणता येईना, की हा काय, लाल बावट्याचा माणूस, आमचं काहीच याला दिसत नाही.

पुढे मी मराठीची शिक्षिका झाले. सांगलीत नोकरीला असताना एका निवृत्त शास्त्रीबुवांकडे आम्ही पाच-सहाजणी रविवारी संस्कृत वाचायला जात होतो. ब्रह्मसूत्रांवरचं शांकरभाष्य आमच्या कुवतीबाहेरचं होतं, पण बुवा त्यातले निवडक उतारे समजावून सांगत. पहिल्या अध्यायाच्या अगदी शेवटी एक जागा येते. शंकराचार्यांनी तोवर पानंच्या पानं सांख्यांचं, म्हणजे सांख्य दर्शन मानणाऱ्यांचं, म्हणणं खोडण्यात घालवलेली असतात. जगाचं मूळ अणूंत शोधणारे आणि असे इतर पुष्कळ वादी बाजूला उभे असतात, त्यांच्यासाठी एवढे श्रम घेतलेले नसतात. असं का, ते आचार्य तिथे सांगतात. सांख्य हे वेदान्ताच्या सर्वांत जवळचे, कार्य आणि कारण वेगळं नाही हे मानणारे, आणि काही जाणत्या धर्मसूत्रकारांनीही त्यांचा आधार घेतलेला. म्हणून आधी त्यांच्याशीच. या रीतीला त्यांनी दिलेलं नाव ऐकून मी वहीतून मान वर केली. प्रधानमल्लनिबर्हणन्याय. मुख्य मल्ल पाडायचा, मग बाकीचे पडल्यातच जमा.

मला ओढ्याकाठचं रान दिसलं.

बुवांनी त्या दिवशी बराच वेळ पूर्वपक्षावर बोलून काढला. आपलं उत्तर मांडायच्या आधी समोरच्याचं म्हणणं पूर्ण, त्याला आवडेल अशा ताकदीने मांडायचं, ही आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांची शिस्त. न्यायसूत्रांनी चर्चेचे प्रकार सांगितले आहेत: सत्य शोधण्यासाठी केला तो वाद, जिंकण्यासाठी केला तो जल्प, आणि स्वतःचं काही न मांडता केवळ समोरच्याचं मोडायचं ती वितंडा. बुवा म्हणाले, ग्रंथकाराचा कस उत्तरपक्षात कळत नाही, पूर्वपक्षात कळतो. आजोबांनी न्यायसूत्रं वाचली नव्हती. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंतचं.

मला एक गोष्ट त्या दिवसापासून लख्ख दिसते, आणि ती मी वर्गात पोरांना, घरात भावंडांना अनेकदा सांगत आले. पंचाने निःपक्ष असायचं असतं, पैलवानाने नाही. पैलवान कुठल्या ना कुठल्या तालमीचा असणारच. राजकारणात बाजू घेणं हा दोष नाही. आजोबा मरेपर्यंत शेकापचे राहिले आणि त्यांनी कधी आपण मधले आहोत असं भासवलं नाही. न्यायीपणा बाजू नसण्यात नाही, जोड निवडण्यात आहे. आपण समोरच्या पक्षातल्या सर्वांत शहाण्या माणसाच्या सर्वांत पक्क्या मुद्द्याला भिडतो, की त्यांच्यातला सर्वांत वाह्यात माणूस हुडकून काढून त्याला पाडतो?

मी हे वीस वर्षं शिकवलं. आणि मग मीच चुकीची जोड लावली.

नागपूरहून गोव्याकडे जाणाऱ्या शक्तिपीठ महामार्गाची आखणी जाहीर झाली, तेव्हाची गोष्ट. सुमारे ८०० किलोमीटरचा रस्ता, वर्धा जिल्ह्यातल्या पवनारपासून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत, १२ जिल्ह्यांतून जाणारा. माझ्या भावाची द्राक्षबाग त्या रेघेत आली. बाग म्हणजे नुसती जमीन नव्हे. टँकरने पाणी घालून जगवलेले वेल, लोखंडी अँगल आणि तारांचा मांडव, बँकेचं कर्ज, दर छाटणीच्या वेळी जागून काढलेल्या रात्री. मोजणीला माणसं येणार कळलं की गाव रस्त्यावर येऊन बसायचं, मीही रजा टाकून जाऊन बसले. कोल्हापूर भागातल्या शेतकऱ्यांना आणखी एक भीती होती. २०१९ आणि २०२१ चे पूर त्यांनी पाहिलेले. एवढा उंच भराव नदीकाठच्या पट्ट्यात आडवा पडला तर पाणी कुठे जाणार? आमचे मुद्दे पक्के होते, आजही आहेत.

माझ्या आत्याचा मुलगा परभणी जिल्ह्यात असतो. आत्याचे यजमान आमच्या भागातल्या साखर कारखान्यात नोकरीला होते, निवृत्तीनंतर ते सगळे मूळ गावी परत गेले. पोरगा लहानपणी आमच्याच घरात वाढलेला, आजोबांच्या ताटात जेवलेला. त्याची कोरडवाहू जमीन, सोयाबीन आणि तूर. तो रस्त्याच्या बाजूचा. त्याच्या गावातही विरोध आहे, हे तो लपवत नव्हता. पण तो म्हणायचा, समृद्धीवर ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना मिळालेला दर मी पाहिलाय, माझ्या जमिनीला आयुष्यात कुणी तेवढा देणार नाही. भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमची रोज जुंपायची.

एके रात्री मला कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला. १९ सेकंदांचा. सत्ताधारी बाजूचा एक नेता सभेत सांगत होता, की शेतकऱ्यांचा विरोध म्हणजे दर वाढवून घ्यायचा डाव आहे, रक्कम वाढली की हेच लोक सह्या करायला रांगेत उभे राहतील. माझं रक्त उसळलं. त्या दिवशी भावाने बागेत बसून रडलेलं मी पाहिलं होतं. मी तो तुकडा ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "बघ तुझी माणसं आमच्याबद्दल काय बोलतात." नाव घेऊन, आत्तेभावाला उद्देशून. पाच मिनिटांत तीस अंगठे आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. आवाज शांत. "ताई, तू पूर्ण भाषण ऐकलंस का?" मी म्हटलं, त्यात ऐकायचं काय आहे. त्याने फक्त एवढंच म्हटलं, "ऐक."

मी ऐकलं. ४० मिनिटांचं भाषण. त्या माणसाचा मला राग आहे, तो आजही आहे. पण त्या १९ सेकंदांच्या आधीचं वाक्य होतं, आपल्यातले काही लोक असं म्हणतात की. आणि नंतरचं वाक्य होतं, असं म्हणणाऱ्यांनी एकदा बांधावर जाऊन यावं. तो स्वतःच्या कार्यकर्त्यांना समजावत होता, की विरोधाला डाव समजू नका. तो पूर्वपक्ष सांगत होता! कुणीतरी त्याचा पूर्वपक्ष कात्रीने कापून त्याचा सिद्धान्त म्हणून विकला होता, आणि वीस वर्षं पूर्वपक्ष शिकवणाऱ्या मी तो विकत घेऊन भावकीत वाटला होता.

मी तो पुसला तेव्हा तो निदान तीन गटांत पुढे गेलेला होता. मी ग्रुपवर चूक कबूल केली. त्या संदेशाला दोन अंगठे आले. आत्तेभाऊ त्या दिवसापासून ग्रुपवर लिहायचा थांबला.

यातून मला जे कळलं त्याची मला भीती वाटते. समोरच्याचं म्हणणं प्रामाणिकपणे, त्याच्याच ताकदीने बोलून दाखवणं आज धोक्याचं झालं आहे. बोललात की ते कापलं जाणार आणि तुमच्याच तोंडी घातलं जाणार. मग हुशार वक्ता काय शिकतो? विरोधकाचं म्हणणं उच्चारायचंच नाही. उच्चारलंच तर इतकं वेडंवाकडं करून, की कापलं तरी कुणाला ते आपलं वाटणार नाही. गेल्या काही वर्षांतली सभेतली भाषणं ऐका. कुणीही, कुठल्याही पक्षाचा, दुसऱ्या बाजूचं एक पूर्ण वाक्य सरळ बोलताना आढळणं दुर्मीळ झालं आहे. दीड-दोन हजार वर्षांची एक शिस्त आपण काही सेकंदांच्या तुकड्यांपायी सोडतो आहोत, आणि ती सोडायला लावणारे हात माझ्यासारख्यांचे आहेत.

पूर्वी सगळं निर्मळ होतं, असं मला म्हणायचं नाही. याच महाराष्ट्रात, पुण्यात, आगरकरांची प्रेतयात्रा ते जिवंत असताना लोकांनी काढली होती. आणि आमच्या ओट्याबद्दलही मला खरं सांगितलं पाहिजे. त्या ओट्यावर दलित वस्तीतलं कुणी बसत नसे. रोजगार हमीच्या कामावर सर्वांत जास्त खडी ज्यांनी फोडली ती माणसं अंगणात, खाली उभी राहून बोलत आणि जात. आजी आतून ऐकायची, तिचं मत कुणी विचारलं नाही. आजोबा आणि अण्णा एकमेकांशी न्यायाने वागले, कारण दोघं एका तोलाचे होते आणि दोघांना ते मान्य होतं. तोलाची जोड लावायची तर आधी माणसाला मैदानात येऊ द्यावं लागतं. आजोबांच्या न्यायीपणाची हद्द तिथे संपत होती, आणि ते माझे आजोबा असले तरी मी ती झाकणार नाही.

म्हणून या विषयावर बोलताना मला पुन्हा पुन्हा बाबासाहेबांकडे जावं लागतं. त्यांना मैदानाबाहेर ठेवायचे किती प्रयत्न झाले! काँग्रेसवरची त्यांची टीका विलक्षण कठोर होती, १९४५ साली त्यांनी त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं होतं. ते संविधान सभेत आले बंगालमधून, फाळणीने ती जागा गेली, आणि १९४७ च्या जूनअखेर राजेंद्र प्रसादांनी मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना पत्र लिहिलं, की डॉ. आंबेडकर सभेत परत आले पाहिजेत. बॅरिस्टर जयकरांनी सोडलेल्या जागेवर ते मुंबईतून निवडून आले. ज्या पक्षाला त्यांनी एवढं झोडपलं, त्याच पक्षाच्या मतांवर.

आणि मग २५ नोव्हेंबर १९४९ चं त्यांचं भाषण. त्याचे दोन-तीन उतारे आपल्याकडे दर २६ जानेवारीला वाचले जातात. मला त्यातली कमी वाचली जाणारी जागा जास्त प्रिय आहे. मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या आल्या आणि २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या, हे सांगून झाल्यावर ते ज्यांनी त्यांना सर्वाधिक छळलं त्यांचे आभार मानतात. सगळ्यांनी पक्षशिस्त काटेकोर पाळली असती तर ही सभा होयबांचा मेळावा झाली असती, सुदैवाने इथे बंडखोर होते, अशा अर्थाचं ते बोलले, आणि त्यांनी नावं घेतली: कामत, आमच्या अमरावतीचे पंजाबराव देशमुख, सिधवा, सक्सेना, ठाकूरदास भार्गव. त्यांच्याच जोडीने के. टी. शहा आणि हृदयनाथ कुंझरू. यांच्या सूचना मी स्वीकारल्या नाहीत म्हणून त्यांचं मोल कमी होत नाही. ते नसते तर संविधानामागची तत्त्वं उलगडून सांगायची संधी मला मिळाली नसती, असं ते म्हणाले. मी हा उतारा नववीच्या वर्गात वाचून दाखवते. वाद जिंकलेला माणूस, मसुदा मंजूर व्हायच्या आदल्या दिवशी, हरलेल्यांची नावं इतिहासात नोंदवून ठेवतो. आपले मुद्दे पक्के कसे झाले याचा हिशेब तो देतो, आणि त्या हिशेबात विरोधकांचं देणं मान्य करतो.

त्याच सभेतून जन्मलेल्या संसदेत १९८५ साली संविधानाचं दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, आला. आता पक्षादेश मोडून मत दिलं तर सदस्यत्व जातं. मी या कायद्याच्या विरोधात आहे, म्हणून आजोबांच्या रीतीने आधी त्याची बाजू सांगते. १९६७ साली हरियाणात एका आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला. मतदाराने एका चिन्हावर दिलेलं मत बाजारात विकलं जात होतं. सरकारं पडत होती, आणि पाडणारे मंत्री होत होते. हे थांबवायला काहीतरी हवं होतं, आणि पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्याने पक्षाशी बांधील राहावं ही अपेक्षा चूक नाही. सर्वोच्च न्यायालयानेही १९९२ साली बहुमताने हा कायदा टिकवला. एवढं सगळं मान्य करून मी म्हणते, की रस्त्याच्या, बियाण्याच्या, शाळेच्या प्रत्येक विधेयकावर आमदाराचे हात बांधून ठेवले तर सभागृहात पंजाबराव देशमुख पुन्हा कुठून येणार? सरकार तरणार की पडणार यावर पक्षादेश ठेवा, बाकी ठिकाणी माणसाला बोलू द्या, मत देऊ द्या. शिवाय या कायद्याने घाऊक पक्षांतर थांबलंच नाही, हे महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिलं.

त्या दिवसांत शिक्षकांच्या खोलीत बसून मी आमच्या माणसांची तोंडं पाहत होते. २०१९ च्या नोव्हेंबरात पहाटेचा शपथविधी झाला तेव्हा ज्यांनी पेढे वाटले, त्यांतल्याच काहींनी पुढे महिन्याभरात जनादेशाचा विश्वासघात हा शब्द घोकला. २०२२ च्या जूनमध्ये आमदार सुरत, गुवाहाटी करत फिरले तेव्हा जे लोकशाहीचा खून म्हणाले, त्यांना २०१९ मध्ये निकालानंतर मांडलेलं नवं गणित मुत्सद्देगिरी वाटलं होतं. मी स्वतः या दोन गटांपैकी एकात होते. कुठल्या, ते त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत आहे. तेव्हापासून मी एक करून बघते. बातमी वाचली की मनातल्या मनात पक्षांची नावं बदलते, पुन्हा वाचते, आणि राग तेवढाच येतो का ते पाहते. पुष्कळदा येत नाही.

पंचांबद्दलही थोडं बोललं पाहिजे. १९६७ साली लोकसभेचे अध्यक्ष झाल्यावर नीलम संजीव रेड्डींनी आपल्या पक्षाचा राजीनामा दिला होता. ती प्रथा पडली नाही. रोज रात्रीच्या वाहिन्यांवरच्या चर्चेत मात्र सूत्रसंचालकच लंगोट लावून उतरतो. त्याहून मला वाईट वाटतं ते तिथल्या जोडीचं. एका बाजूला तयारीचा, पाठांतर केलेला प्रवक्ता आणि दुसऱ्या बाजूला मुद्दाम हुडकून आणलेला, चटकन भडकणारा माणूस. त्या बाजूला शहाणी माणसं नसतात असं नाही, त्यांना बोलावलं जात नाही. आमच्या गावचे लोक असते तर "जोड न्हाई" म्हणून उठून गेले असते.

पण सगळ्या कुस्त्या बरोबरीत सोडवणारा पंचही अन्यायच करतो. गावाने एका कुटुंबाला वाळीत टाकलं, पाणी तोडलं, दुकानातून मीठ देणं बंद केलं, तर तिथे दोन्ही बाजू समजून घेऊ या म्हणणं हा वाळीत टाकणाऱ्यांना दिलेला हात आहे. असं करणं गुन्हा आहे, असं सांगणारा कायदा महाराष्ट्राने २०१६ साली केला तो योग्यच केला. आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसऱ्यांवर, सकाळी फिरून घरी परतताना, पत्नीसोबत असताना, गोळ्या झाडल्या गेल्या. पानसरे आयुष्यभर प्रश्न विचारत आणि समोरून येणारे प्रश्न ऐकत राहिले. ज्याने पिस्तूल काढलं त्याने मैदानच सोडलेलं असतं, त्याला कसला पूर्वपक्ष? मी त्या दिवशी दसरा चौकात उभी होते. खूप माणसं होती आणि कुणीच काही बोलत नव्हतं.

आत्तेभाऊ ग्रुपवर लिहीत नव्हता, फोन उचलायचा, पण हवापाण्यापुरतं बोलायचा. गेल्या दिवाळीत मी एक वही घेतली आणि त्याची बाजू लिहायला बसले. माझी नाही, त्याची. तीन दिवस लागले. बागायतदाराची जमीन आणि कोरडवाहू जमीन यांचं दुःख एका मापाने मोजता येत नाही, हे लिहिलं. आमच्या पट्ट्यात कारखाने, धरणं, रस्ते आधी आले, त्या वेळी कुणाच्या तरी जमिनी बुडाल्याच होत्या, आणि आता आमचं भागल्यावर आम्ही मराठवाड्याला थांबा म्हणतो, हे लिहिताना हात अडखळला, तरी लिहिलं. दवाखान्यासाठी नांदेड किंवा संभाजीनगर गाठावं लागतं, हे लिहिलं. पोराला सोयाबीनवर शिकवता येत नाही, हे लिहिलं. पानांचे फोटो काढून त्याला पाठवले. खाली एवढंच विचारलं, "तुझं म्हणणं असं आहे, न्हवं?"

दोन दिवस काही आलं नाही. मग रात्री उशिरा त्याचा आवाजी संदेश आला. मागे कुठेतरी मोटार चालल्याचा आवाज.

"ताई, नानांसारखं लिहिलंयस. पण अर्धंच आहे. पोरीचं राहिलं. आमच्याकडे जमिनीवर पोरगा राहील, त्याचं कसंबसं भागेल. माझ्या पोरीच्या नावावर एक गुंठा नाही, आणि जमीन आहे तोवर मी तो करणार नाही, भावकी करू देणार नाही. पैसे आले तर तिच्या नावावर बँकेत टाकता येतात. तेवढे कुणी विचारत नाही. हे मी कुठल्याच सभेत बोललो नाही."

मी तो संदेश तीनदा ऐकला. भावाची बाग वाचलीच पाहिजे, हे मला आजही पूर्ण पटतं. पोरीच्या त्या मुद्द्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. मी वहीत तो शेवटचा म्हणून जोडला आणि पाचवा आकडा घातला.